ऑइल कोणतं टाकलं भाऊ?

चिखलदऱ्याच्या घाटात गाडी नुसती ओरडून राहिली होती, अ‍ॅक्सिलेटर पिळला की आरपीएम वर अन् स्पीड तिथल्या तिथंच, वरून जळका वास. पुतण्याची डर्ट बाईक. तो म्हणे, काका क्लचप्लेटा गेल्या, नव्या टाकू.

परतवाड्याच्या मिस्त्रीनं पान्याला हातच नाही लावला. आधी क्लचची लिव्हर एका बोटानं हलकीच ओढून पाह्यली. प्ले, म्हणजे लिव्हरची मोकळी ढिलाई, नव्हताच, केबल ताणलेली, म्हणजे लिव्हर सोडली तरी क्लच थोडा दाबलेलाच राहणार. त्यानं टोकाशी १०-१५ मिमी प्ले ठेवला, चक्कर मारून आला, तरी चढावर तेच.

मग विचारलं, "ऑइल कोणतं टाकलं भाऊ?"

कारचं. दुकानदारानं 'सगळं सारखंच असते' म्हणून पोराच्या हाती दिलेलं.

अशा गाडीचा क्लच इंजिन ऑइलातच बुडून असते, अन् कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारं रसायन असते, मग प्लेटा एकमेकींना धरतीलच कशा? डब्यावर जासो एमए नाहीतर एमए२, म्हणजे ऑइलात बुडलेल्या क्लचला चालणाऱ्या बाईकच्या ऑइलाची खूण, लिहिलेलं पाहिजे बस.

प्लेटा उघडून व्हर्निअरनं मोजल्या, जाडी बरोबर, स्प्रिंगाही ठीक. धुऊन बसवल्या, बरोबर ऑइल भरलं अन् गाडी चढली. मला त्या मिस्त्रीचं लय कौतुक वाटलं, नवा सेट गळ्यात मारणं त्याला सोपं होतं.

तुमच्याकडं ऑइलचा डबा देताना दुकानदार विचारते का, गाडी कोणती म्हणून?