तिला नंबर पक्का आठवतोय

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, दादरला बसते. ही केस अजून संपलेली नाही आणि माझ्या डोक्यातूनही जात नाहीये म्हणून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, गाडीचा नंबर तर देणारच नाही.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. पन्नाशीच्या एक ताई पहाटे चारच्या सुमाराला दीरासोबत फुलबाजाराकडे चालल्या होत्या, पाऊस नुकताच थांबलेला, सेनापती बापट मार्गावर समोरून गाडी आली, दीराला उडवलं आणि निघून गेली. माणूस जागेवर गेला. त्या दिवशीच्या जबाबात ताईंनी एवढंच सांगितलंय की चारचाकी होती, डोळ्यावर लाइट आली, मग आवाज झाला. रंग माहीत नाही. नंबर बघितला नाही.

माझ्याकडे आल्या तेव्हा महिना उलटून गेला होता आणि आता त्यांना सगळं आठवत होतं. पांढरी गाडी, ठाण्याची पासिंग, मधली दोन अक्षरं आणि पुढचे चारही आकडे. तपास करणारे पीएसआय सोबत होते, पेन ड्राइव्ह घेऊन. मधल्या काळात पुतण्याने कुठून तरी एक हिप्नोथेरपिस्ट शोधला होता, त्याने संमोहन करून नंबर 'काढला' होता. साहेबांचं म्हणणं सरळ होतं, मॅडम, त्या माणसाकडे डिग्री नाही, कोर्टात टिकणार नाही, तुम्ही एकदा परत घ्या आणि लेटरहेडवर द्या.

मी संमोहन करते. भीती, जुनी दुखणी, झोप, परीक्षेच्या आधीची धडधड, या सगळ्यासाठी नीट शिकून करते आणि त्याचा उपयोग होताना बघते. त्यामुळे मला त्याचा राग आहे असं कोणी समजू नये. पण उपचारात पेशंटला एखादी गोष्ट खरी वाटली तर माझं काम होतं. साक्षीदाराच्या बाबतीत 'खरं वाटणं' हीच भीतीची गोष्ट आहे.

आधी पेन ड्राइव्हमधलं त्या संमोहनाचं रेकॉर्डिंग बघितलं. खोलीत पुतण्या, त्याचा मित्र, एक हवालदार आणि मोबाइल धरलेला अजून कोणीतरी, असे सगळे बसलेले. ताई खुर्चीत डोळे मिटून. हिप्नोथेरपिस्ट सांगतोय की समोर मोठा टीव्ही आहे, त्यावर त्या पहाटेची फिल्म चालू आहे, रिमोट तुमच्या हातात आहे, आता थांबवा, आता गाडीच्या पुढच्या भागावर झूम करा. ही टीव्हीची युक्ती त्याची नाही, १९७० च्या दशकात लॉस एंजेलिस पोलिसांचे मानसशास्त्रज्ञ मार्टिन रायझर यांनी ती पोलिसांना शिकवली आणि तिथून ती जगभर गेली. पण झूम करायला मुळात चित्र साठलेलं असावं लागतं ना. ओल्या रस्त्यावर हेडलाइट थेट डोळ्यात येत असताना नंबर प्लेट दिसतच नाही, कोणीही रात्री उभं राहून बघावं. जे डोळ्यातून आतच गेलं नाही ते मेंदू कुठून परत देणार? पण 'वाचा' असा आग्रह झाला की मेंदू रिकामी जागा तशी ठेवत नाही, भरून देतो.

आणि कसा भरून देतो ते त्या रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं. ताई म्हणतात, काहीतरी उजळ आहे. तो विचारतो, पांढरी आहे का? थोडा वेळ काही नाही, मग 'हो'. पुढे आकड्यांवर ताई अडखळतात, 'चार... नऊ... चार', तर तो म्हणतो, चार, छान, अगदी बरोबर चाललंय, पुढचा. नऊ तिथेच मेला. त्याला कसं कळलं की चार बरोबर? त्याला काहीच माहीत नव्हतं, त्याने फक्त शाबासकी दिली, आणि संमोहनात माणूस शाबासकीच्या दिशेने सरकतो. शेवटी उठवताना सांगितलं, आता हे तुम्हाला कायम स्पष्ट आठवेल. हे वाक्य मी तीन वेळा मागे घेऊन ऐकलं. पेशंटला धीर द्यायला आपण असं म्हणतो. साक्षीदाराला असं म्हणणं म्हणजे उलटतपासणीच्या आधीच तिच्या शंकेची वाट बंद करणं.

साहेबांनी मला अमेरिकेतल्या बसची गोष्ट सांगितली, ती सगळ्यांना पाठ असते. १९७६, कॅलिफोर्नियातलं चौचिला, २६ मुलं आणि ड्रायव्हर यांना पळवून खाणीत पुरलेल्या ट्रेलरमध्ये कोंडलं, ते स्वतः बाहेर पडले, मग संमोहनात ड्रायव्हरला एका गाडीचा नंबर जवळजवळ पूर्ण आठवला. हे खरं आहे. पण ती खाण ज्याची होती त्याचाच मुलगा आरोपींपैकी एक निघाला, म्हणजे नंबर नसता तरी पोलीस तिथवर पोचले असतेच असं माझं मत आहे. आणि नंबर तपासून बघायला बाहेरचा पुरावा होता. आमच्याकडे काय होतं?

पुढचं कोणी सांगत नाही. त्याच कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने १९८२ साली संमोहनानंतरची साक्ष घेणं बंद केलं. न्यू जर्सीने १९८१ मध्ये अटी घातल्या की करणारा प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ हवा, पोलिसांच्या किंवा कुठल्याच बाजूच्या पगारावर नको, आधी साक्षीदाराला जे आठवतंय ते सगळं लिहून घ्यायचं, सगळं रेकॉर्ड करायचं, आणि खोलीत दोघांशिवाय कोणी नाही. कॅनडात २००७ च्या निकालातली साक्षीदार शेजारीण तर मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, आरोपीला कुठल्या दिवशी पाहिलं याला तिने आधी गुरुवार सांगितला होता आणि संमोहनानंतर बुधवार सांगितला. टेक्सासच्या राज्य पोलिसांनी २०२१ मध्ये आपला कार्यक्रम गुंडाळला. आपल्याकडे नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग जबरदस्तीने करायला सुप्रीम कोर्टाने २०१० च्या सेल्वी निकालात मनाई केली, तो निकाल साहेबांना माहीत होता, पण त्यांचं म्हणणं की ही तर साक्षीदार आहे आणि तिची संमती आहे. संमतीचा प्रश्न सुटला तरी आठवणीचा सुटत नाही, हे मला त्यांना परत परत सांगावं लागलं.

मी संमोहन करणार नाही म्हणाले, मुलाखत घेईन म्हणाले. कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू, गायझेलमन आणि फिशर यांनी १९८० च्या दशकात बसवलेली पद्धत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बाई नुसती गप्प बसलीये, पण मला या गप्प बसण्याचाच अभिमान आहे. सगळ्यांना बाहेर पाठवलं, साहेबांनाही. ताईंना सांगितलं की मी तिथे नव्हते, मला काही माहीत नाही, 'आठवत नाही' हे पूर्ण उत्तर आहे, अंदाज नको, आणि फालतू वाटलं तरी गाळू नका. मग त्या पहाटेत परत जायला लावलं, पायात काय होतं, हातात पिशवी होती का, गारवा, वास, दीर काय बोलत होते. मग त्यांना बोलू दिलं. मध्ये एक शब्द नाही. लांब थांबल्या तरी नाही, आपल्याकडे जबाब घेताना ही शांतता कोणाला सहनच होत नाही, लगेच 'मग पुढे काय झालं' येतं आणि धागा तुटतो. नंतर उलट्या क्रमाने सांगायला लावलं, शेवटापासून मागे.

उलटं सांगताना ताई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, गाडी थांबली होती. थोडं पुढे जाऊन. दार उघडल्याचा आवाज आला, कोणीतरी 'चल चल' म्हणालं, मग गेली.

हे पहिल्या जबाबात नाही. रेकॉर्डिंगमध्ये नाही. कोणी विचारलंच नव्हतं, कारण सगळे नंबरच्या मागे. गाडी थांबली असेल तर ठिकाण ठरतं, ठिकाण ठरलं तर समोरचा कॅमेरा ठरतो. साहेब त्याच संध्याकाळी गेले. एका दुकानाचा कॅमेरा बरोबर त्या कोपऱ्यावर होता. डीव्हीआर पंधरा दिवसांचंच साठवतो, त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढून गेलं होतं.

मला साहेबांचा राग येत नाही, गणपतीच्या बंदोबस्तात तो माणूस घरी झोपायलाही गेला नव्हता. राग येतो तो या समजुतीचा, की आठवण ही कुठेतरी लॉकरमध्ये पडलेली आहे आणि चावीवाला बोलावला की काम झालं. त्या समजुतीपायी सगळे हातावर हात ठेवून सेशनची तारीख मिळायची वाट बघत बसले आणि खरं फुटेज तोवर पुसलं गेलं.

आता तो नंबर. त्या नंबरची गाडी आहे, ठाण्यातच आहे, पांढरी आहे. बंपरला मार आहे, तसा तो मुंबईत अर्ध्या गाड्यांना असतो. मालक म्हणतो मी त्या रात्री घरी होतो, साक्ष फक्त बायकोची. त्याला चौकीवर परत परत बोलावतायत. तो निर्दोष आहे असं मी म्हणू शकत नाही, हेच मला छळतं. कदाचित ताईंनी गाडी लांब जाताना मागची प्लेट खरंच बघितली असेल, आणि ती आठवण त्या सेशनमध्ये वर आली असेल. कदाचित अर्धा नंबर खरा असेल आणि नऊ हाच बरोबर आकडा असेल. आता वेगळं करायचा कुठलाच मार्ग नाही. दार उघडल्याचा आवाजसुद्धा संमोहनानंतरचा आहे, मी कितीही नीट विचारलं असलं तरी, तेही मी लिहिलंय.

ताईंनी जाताना विचारलं, मॅडम, मला डोळ्यासमोर दिसतंय हो, मग मी खोटं बोलते का? मी म्हटलं, नाही ताई, तुम्ही अजिबात खोटं बोलत नाही. त्यांचं समाधान झालं नाही, आणि होणारही नव्हतं, कारण दुसरं वाक्य मी त्यांना बोलू शकले नाही, दुःखात असलेल्या बाईला 'तुम्हाला दिसतंय ते कदाचित कोणीतरी दाखवलंय' हे एका भेटीत सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांना परत बोलावलंय, पैसे घेणार नाही म्हणून सांगितलंय, आधी दिराच्या जाण्याबद्दल बोलू.

रिपोर्टमध्ये मी तीन भाग केले. संमोहनाआधी काय सांगितलं, संमोहनात कुठल्या प्रश्नानंतर काय आलं ते मिनिटासकट, आणि माझ्यासमोर काय आलं. खाली लिहिलं की नंबर आणि रंग याबद्दलची साक्षीदाराची खात्री ही अचूकतेची खूण मानू नये. साहेबांनी ते शेवटचं वाक्य काढता येईल का म्हणून फोन केला. नाही म्हटलं. सोबत पेन ड्राइव्हची प्रतही जोडली आणि ती आरोपपत्रासोबत कोर्टात जावी असं लेखी दिलं. बचावाच्या वकिलाला तो 'छान, अगदी बरोबर चाललंय' ऐकू आला पाहिजे, आणि सरकारी वकिलालाही.