नागपुरातून सोंग-कोलच्या घोडेस्वारीची तयारी

किर्गिझस्तानातील सोंग-कोल हे सरोवर समुद्रसपाटीपासून ३,०१६ मीटर उंचीवर आहे; नागपूर जेमतेम ३१० मीटरवर. येत्या जुलैमध्ये या सरोवराच्या परिसरात काही दिवस घोड्यावरून फिरायचे आणि रात्री तिथल्या पशुपालकांच्या नमद्याच्या गोल तंबूंत मुक्काम करायचा, असे ठरल्यापासून ओळखीचे लोक मला एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे ‘तुला घोडा दौडवता येतो का?’ दौडवता यावा, हे उत्तमच. परंतु अशा सहलीत बहुतेक वाटचाल सावकाश, घोड्याच्या साध्या चालीनेच होते आणि नवख्या माणसांनाही नेले जाते. खरी कसोटी असते ती रोज पाच-सहा तास खोगिरावर नीट बसून राहण्याची, म्हणजे घोड्याच्या पाठीला आपला जाच होऊ नये अशा रीतीने बसून राहण्याची. माझी सगळी तयारी या एका गोष्टीभोवती चालली आहे.

त्यातला पहिला भाग वजनाचा. घोड्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांहून अधिक भार घालू नये, असा एक सर्वत्र मानला जाणारा ठोकताळा आहे. डोंगरातले घोडे काटक असले तरी अंगाने लहान असतात. ४०० किलोचा घोडा धरला तर मर्यादा ८० किलोंची, आणि त्यात स्वाराबरोबर खोगीर, खालची घोंगडी, अंगावरचे कपडे, बूट आणि पिशव्याही आल्या. हा हिशेब कागदावर मांडल्यावर रविवारची तर्री-पोह्यांची दुसरी प्लेट आपोआप बंद झाली.

सराव मी शहराबाहेरच्या एका लहानशा रायडिंग क्लबमध्ये करते. उन्हाळ्यात तिथे पहाटे उजाडताच पोहोचावे लागते, कारण विदर्भातल्या मे महिन्यात आठ वाजल्यानंतर घोड्याकडून काम करून घेणे हे क्रौर्यच ठरेल. रिंगणातला धडा पाऊण तासाचा असतो, जमीन सपाट असते आणि शिकवणारा समोर उभा असतो. डोंगरात यांपैकी काहीच नसणार. म्हणून मी प्रशिक्षकांना सांगून ठेवले आहे की मला उड्या किंवा भरधाव दौड शिकायची नाही. त्याऐवजी दुडक्या चालीत मांड न सोडता तालावर उठणे-बसणे, एका हातात लगाम धरणे, आणि टाच खाली दाबून पाऊल रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, फक्त चवड्यापर्यंतच आत ठेवणे, एवढे अंगवळणी पडले तरी पुरे. पाऊल पूर्ण आत सरकले आणि स्वार पडला, तर घोडा त्याला फरफटत नेऊ शकतो. म्हणून बुटाला लहानशी टाच हवी आणि तळवा फार खडबडीत नको. ट्रेकिंगचे जाड, रुंद बूट इथे गैरसोयीचेच नव्हे, तर धोक्याचे ठरतात.

खोगिराचा तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, हा असाच दुर्लक्षित विषय. तंग आवळताना अनेक घोडे पोट फुगवून धरतात, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटे चालल्यावर तो पुन्हा तपासावा लागतो. जमिनीवरून लोंबकळत चढले की खोगीर एका बाजूला ओढले जाते आणि घोड्याचा कणा पिळला जातो; एखाद्या दगडावरून किंवा उंचवट्यावरून चढणे त्याच्या हिताचे असते. चढणीवर थोडे पुढे झुकून गरज पडल्यास आयाळ धरावी, परंतु लगाम ओढून तोल सावरू नये, कारण त्याचा झटका थेट घोड्याच्या तोंडाला बसतो. फार तीव्र उतार आला तर सरळ उतरून पायी चालावे. नदी ओलांडताना वाहत्या पाण्याकडे पाहिले की भोवळ येते, म्हणून नजर पलीकडच्या काठावर ठेवायची. घोड्याचा दोर मात्र हाताला गुंडाळून घ्यायचा नाही, तो कितीही गरीब वाटला तरी.

सर्वांत उपयोगी सराव मला रेनकोटचा वाटला. डोंगरात पाऊस अचानक येतो आणि प्लॅस्टिकच्या सळसळीने शांत घोडाही बुजतो. म्हणून घोड्यावर बसल्या बसल्या रेनकोट अंगात घालायचा नाही. खाली उतरायचे, तो घोड्याला दिसेल असा हळूच उघडायचा आणि मग चढायचे. नागपुरात ऐन मे महिन्यात रेनकोट घालून घोड्यावर बसलेली बाई पाहून मोतद्दाराने आधी आभाळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. घोडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निवळला, मोतद्दाराला थोडा अधिक वेळ लागला.

शरीराच्या तयारीबद्दल थोडक्यात सांगते. दुखतात त्या मांड्यांच्या आतल्या बाजू, गुडघे आणि कंबर. त्यासाठी बैठका, भिंतीला पाठ टेकून बसल्यासारखे थांबणे आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम पुरतात. अधूनमधून मी रामटेकची टेकडी अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्यांनी चढते, त्याने दम वाढतो. विरळ हवेची सवय मात्र विदर्भात राहून होणे शक्य नाही; ती तिथे गेल्यावर, वेळ देऊनच करावी लागते. सखल प्रदेशातून एकाच दिवसात २,७५० मीटरच्या वर मुक्कामाला जाऊ नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. राजधानी बिश्केक सुमारे ८०० मीटरवर आणि कोचकोर हे गाव सुमारे १,८०० मीटरवर आहे, त्यामुळे कोचकोरला आणि त्यानंतर वाटेत आणखी एक रात्र काढूनच सरोवराकडे जाण्याचे मी आयोजकांकडून कबूल करून घेतले. डोकेदुखी, मळमळ अशी लक्षणे असताना आणखी वर चढायचे नाही, आणि ती वाढत गेली तर खाली उतरायचे. उंचीवरच्या त्रासासाठीचे ॲसिटाझोलामाइड घ्यायचे की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. धनुर्वाताचे इंजेक्शन मी घेतले आहे. प्रवासविम्याची कागदपत्रे बारीक अक्षरांसकट वाचली, कारण पुष्कळ पॉलिसींत घोडेस्वारी किंवा ठरावीक उंचीवरचे अपघात वगळलेले असतात.

सामानाचा विचार करताना मला नागपूरकर भोसल्यांच्या फौजा आठवतात. १७४१ ते १७५१ या काळात याच भागातून निघून त्या बंगालवर वारंवार चालून गेल्या. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा आणी आणि बारगिराला तो सरकारातून मिळे. मी अर्थातच बारगिरांत मोडते. परक्याच्या घोड्यावर काय लादायचे याचा विधिनिषेध पाळायला हवा, म्हणून खोगिराच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या मी घरच्या वजनकाट्यावर सारख्या भरून पाहिल्या. एक बाजू जड झाली की खोगीर सरकते आणि पाठ सोलवटते. पासपोर्ट, पैसे, औषधे आणि शिट्टी मात्र अंगावरच राहील, कारण आपण पडलो आणि घोडा निघून गेला तर पिशव्याही त्याच्याबरोबर जाणार.

कपड्यांत जीन्स नाही. तिच्या आतल्या जाड शिवणीने मांड्या सोलून निघतात. त्याऐवजी सायकलस्वारांची चड्डी आणि वर सैलसर पँट बरी. सरोवराकाठी जुलैतही रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. नागपुरात उन्हाळ्यात लोकरीचे कपडे शोधणे व्यर्थ, त्यामुळे हिवाळ्यात भरणाऱ्या तिबेटी लोकांच्या स्वेटर बाजारातूनच मी ते घेऊन ठेवले होते. हेल्मेट स्वतःचे नेणार आहे, कारण तिथे आपल्या मापाचे मिळेलच असे नाही.

राहता राहिले जेवण. मी मांसाहार करत नाही, हे आयोजकांना आधीच कळवले आहे, कारण उन्हाळी कुरणांवरचे खाणे प्रामुख्याने मांस, ब्रेड आणि दुधाच्या पदार्थांचे असते. बरोबर सातूचे पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ नेणार आहे. घोडीचे दूध आंबवून केलेले, किंचित मादक असे कुमीस पाहुण्याला आवर्जून दिले जाते. ते एक-दोन घोट घ्यायचे असे मी ठरवले आहे, आणि ही गोष्ट आईला परत आल्यावरच सांगणार आहे.