तुम्ही विचारलेत म्हणून: ते व्याख्यान मी का बंद केले

‘सुवर्ण गुणोत्तरावरचे ते व्याख्यान तुम्ही आता का देत नाही?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी आणि इतक्या वेळा विचारला आहे की ‘प्रकृती साथ देत नाही’ आणि ‘वेळ होत नाही’ ही माझी दोन्ही उत्तरे वापरून वापरून झिजली आहेत. दोन्ही खरी नव्हती. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते व्याख्यान ऐकलेले आहे, तेव्हा १.६१८ ही संख्या कुठून येते हे मी येथे पुन्हा सविस्तर मांडत बसत नाही. एवढेच सांगते की रेघेचे असे दोन भाग केले, की पूर्ण रेघ मोठ्या भागाच्या जितकी पट तितकाच मोठा भाग लहान भागाच्या पट, तर ती पट म्हणजे ही संख्या, आणि ती निसर्गात व कलेत सगळीकडे सापडते, असे मी त्या व्याख्यानात सांगत असे. पडद्यावर काय काय येत असे तेही तुम्हाला आठवत असेल: अथेन्सचे पार्थेनॉन मंदिर, सूर्यफूल, लिओनार्दोची चित्रे आणि सर्वांत शेवटी नॉटिलस या समुद्री प्राण्याचा मधोमध कापलेला शंख, ज्यावर एक सोनेरी वेटोळे हळूहळू उमटत जाई. त्या वेळी सभागृहातून जो ‘अहाहा’ येई, तो ऐकण्यासाठीच मी बरेचदा ते व्याख्यान देत होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

तसाच एक खरा शंख मी टेबलावर ठेवत असे. एकदा व्याख्यान संपल्यावर नववीतली एक मुलगी कंपासपेटी घेऊन पुढे आली आणि म्हणाली, ‘बाई, मी हा मोजू का?’ मला तिचे कौतुकच वाटले. भोवती दहाबारा मोठी माणसे उभी होती, त्यांनाही वाटले असावे. तिने पट्टीचे शून्य शंखाच्या केंद्रावर धरले आणि बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर वाचले: नऊ सेंटिमीटर. मग पट्टी जराही न हलवता त्याच रेषेवर, एक पूर्ण वेढा आत असलेली कड वाचली: तीनच्या किंचित पुढे. वहीच्या मागच्या पानावर तिने थोडा गुणाकार केला आणि विचारले, ‘तुमचे वेटोळे दर पाव फेरीला १.६१८ पट होते ना? मग पूर्ण फेरीत १.६१८चा चौथा घात, म्हणजे जवळजवळ ६.८५ पट. त्या हिशेबाने आतली कड १.३ सेंटिमीटरवर यायला हवी होती. ती तीनवर का आली?’

वर्गात हाच प्रश्न आला असता, तर मी खडू तिच्या हातात दिला असता, असे मला आजही वाटते. पण तो वर्ग नव्हता, आणि भोवतीच्या माणसांनी नुकत्याच टाळ्या वाजवल्या होत्या. मी हसून म्हणाले, ‘निसर्ग काही पट्टी घेऊन बसत नाही, बाळ. थोडाफार फरक पडायचाच.’ सगळे हसले. तीही कसनुसे हसली, पट्टी कंपासपेटीत ठेवून तिने झाकण लावले आणि ती गेली. तिप्पट आणि जवळजवळ सातपट यांच्यातल्या अंतराला मी ‘थोडाफार’ म्हटले होते, आणि तेही जन्मभर गणित शिकवून.

त्या रात्री मी ती स्लाइड उघडली. सोनेरी रेघ जाड होती. ती जाड का आहे हे पाहताना मला आठवले की स्लाइड तयार करताना बारीक रेघ शंखावर बसत नव्हती, म्हणून मी छायाचित्र एका बाजूने किंचित ताणले होते, रेघ जाड केली होती आणि ‘मागच्या रांगेतून दिसायला हवी’ अशी स्वतःची समजूत घातली होती. म्हणजे मला माहीत होते. फक्त आपल्याला माहीत आहे, हे मी स्वतःला कळू दिले नव्हते.

कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या संग्रहातील नॉटिलसचे शंख गणिताचे प्राध्यापक क्लेमेंट फाल्बो यांनी १९९९ मध्ये मोजले, तेव्हा पाव फेरीची वाढ सरासरी १.३३ पट निघाली. तिचा चौथा घात तीनच्या थोडा पुढे जातो. मुलीची पट्टी बरोबर होती. शंखाचे वेटोळे लघुगणकी असते, म्हणजे प्राणी वाढतो तरी घराचा आकार तोच राहतो, आणि हे पुरेसे सुंदर आहे, त्यासाठी १.६१८ची गरज नसते.

मग बाकीच्या स्लाइड तपासणे आले. पार्थेनॉनच्या चौथऱ्याची रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण ४:९ आहे. या गुणोत्तरावर लिहिणाऱ्या इटालियन गणिती पाचोलीच्या १५०९च्या ग्रंथासाठी लिओनार्दोने घनाकृती काढल्या, एवढ्या धाग्यावर त्याची सगळी चित्रे या गुणोत्तरात टांगली गेली आहेत. ‘सुवर्ण’ हे विशेषणही प्राचीन नव्हे. युक्लिडने या विभाजनाला साधे भूमितीचे नाव दिले होते, सोन्याचा मुलामा १८३५च्या सुमारास जर्मन पुस्तकांतून चढला. आणि श्रोत्यांपैकी कोणाला तरी पुढे बोलावून त्याची उंची आणि बेंबीची उंची यांचा भागाकार करण्याचा जो खेळ मी करत असे, त्यात १.५८ आले तरी मी ‘पाहा, आले!’ म्हणे आणि १.६७ आले तरी तेच म्हणे. हे तुम्हीही पाहिलेत. कोणी हरकत घेतली नाहीत.

आता माझ्यावर उलटा आरोप होतो, की मी सगळेच थोतांड ठरवले. तसे मी कधीच म्हटलेले नाही. नियमित पंचकोनाचा कर्ण आणि बाजू यांचे गुणोत्तर तंतोतंत हेच असते, रेघ कितीही बारीक काढा. वास्तुविशारद ल कॉर्बुझियेने १९४८ मध्ये मांडलेली मोड्युलर ही मापपद्धती जाणूनबुजून यावरच उभारली. मात्रांची वृत्ते मोजताना जैन विद्वान हेमचंद्राने इटालियन गणिती फिबोनाचीच्या आधी १, २, ३, ५, ८ ही मांडणी (जिला आज फिबोनाची संख्या म्हणतात) दिली, आणि त्या ओळीतील लगतच्या संख्यांचे गुणोत्तर याच संख्येकडे सरकत जाते. सूर्यफुलाचे तर खरेच आहे: नवा अंकुर आधीच्यापासून सुमारे १३७.५ अंशांवर फुटतो, म्हणजे पूर्ण वर्तुळाची याच गुणोत्तरात वाटणी होते, कारण साध्या अपूर्णांकांनी गाठायला १.६१८ ही सर्वांत चिवट संख्या आहे आणि त्यामुळे बिया एकाच रेषेत साचत नाहीत. दुआदी आणि कुदेर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये तेलात सोडलेल्या चुंबकीय थेंबांकडूनही हीच मांडणी करवून घेतली, तिथे ना फूल होते ना बी. तरीही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६५७ सूर्यफुलांतील बियांची वेटोळी मोजली गेली, तेव्हा बहुतेकांत फिबोनाची संख्या निघाल्या, काहींत निघाल्या नाहीत. मला आता ती ‘काही’ फुले अधिक बोलावतात.

पण व्याख्याने देणारी ती पूर्वीची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, ‘तुझ्या शंखामुळे किती मुले वर्गसमीकरणापर्यंत आली, ते मोजलेस का?’ मोजलेले नाही. पण आली, हे मी पाहिले आहे. मी तिला म्हणते की एक मुलगी समीकरणापर्यंत स्वतःच पोचली होती आणि तिला मी परत पाठवले. त्यावर ती म्हणते, ‘एकीसाठी शंभरांना उपाशी ठेवणार?’ याचे उत्तर मला सुचत नाही, आणि तिचे म्हणणे पटतही नाही.

दुरुस्त केलेले व्याख्यान मी दोनदा देऊन पाहिले. बारीक रेघ, न ताणलेले छायाचित्र, वेटोळे आणि शंख यांच्यामधली फट सर्वांना दिसेल अशी. ‘अहाहा’ आला नाही. दुसऱ्या वेळी एक गृहस्थ बाहेर पडताना अगदी आपुलकीने म्हणाले, ‘पूर्वीचे जास्त रंगत असे हो.’ त्यांचे खरे होते, आणि मला त्याचे जे वाईट वाटले, ते वाटायला नको होते. तेव्हा तूर्त व्याख्यान बंद आहे. नुसत्या पंचकोनावर तासभर बोलायला बोलावलेत तर मी येईन, मात्र येताना प्रत्येकाने पट्टी आणावी.