लेक छोट्या शिशूत जाताना आम्ही केलेली तयारी

आमची लेक या जूनमध्ये छोट्या शिशूत, म्हणजे ज्युनिअर केजीत गेली. पुण्यातलीच, घराजवळची मराठी माध्यमाची शाळा. वाढदिवस नोव्हेंबरचा, त्यामुळे ३१ डिसेंबरला ४ वर्षं पूर्ण या नियमात बसली, जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड आणि फोटो दिले की ॲडमिशन झाली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. खरी तयारी उन्हाळ्यात झाली. सोसायटीत जो तो विचारायचा, एबीसीडी येते का, आकडे कुठपर्यंत येतात? पण पालकसभेत ताईंनी स्पष्ट सांगितलं होतं की लिहायचं आम्ही बघू, तुम्ही तिला स्वतःचं स्वतः करायला शिकवा, आणि मला ते मनापासून पटलं. वर्गात पंचवीस-तीस पोरं, एक ताई, एक मावशी, कोण कोणाची चड्डी वर ओढणार?

म्हणून सुरुवात शूपासूनच केली. घरी ती नुसतं "आईऽऽ शू" म्हणून ओरडायची आणि मी पळायचे. मग बटणाच्या पँटी सगळ्या वर ठेवून दिल्या, फक्त इलॅस्टिकच्या काढल्या. पुढून ती बरोबर वर ओढायची पण मागे हमखास अडकायचं, तेव्हा दोन्ही अंगठे बाजूने आत घालायचे आणि मागे सरकवत ओढायचं हे दाखवलं, ते जमल्यावर काय खूश झाली होती! आमच्याकडे कमोड, शाळेत भारतीय पद्धतीचं, ती उकिडवं बसायची सवय मे महिन्यात गावी आजीकडे झाली. आणि नुसतं करता येऊन उपयोग नाही, मागताही आलं पाहिजे, म्हणून आजी खुर्चीत ताई होऊन बसायच्या आणि ही समोर जाऊन मोठ्याने म्हणायची, "ताई, मला शूला जायचंय."

डबा हा दुसरा मोठा विषय. चारी बाजूंनी लॉकवाले डबे दिसतात छान पण एवढ्याशा बोटांना ते उघडत नाहीत, त्यामुळे दुकानात तिलाच एकेक उघडायला लावला आणि तिला उघडला-लावला येईल तोच घेतला. मग रोज चारच्या सुमाराला गॅलरीत सतरंजी टाकून त्या डब्यातच खाऊ, कधी पोळीचा रोल, कधी थालीपिठाचे तुकडे, कधी इडली, आणि भरवायचं अजिबात नाही. आजींना हे जड गेलं, लेकरू उपाशी राहील म्हणायच्या, पण ती सावकाश का होईना संपवायची आणि झाकण लावून डबा पिशवीत ठेवायची.

बोटांसाठी वेगळं काही विकत आणलं नाही. पोळ्या करताना कणकेचा गोळा हातात द्यायचा, नाहीतर चिंचोके आणि शंख-शिंपले मिसळून वेगवेगळे करायला द्यायचे. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पूर्वी डहाणूकडच्या बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या त्या अशाच आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंवर, महागडी साधनं तिथे परवडणारच नव्हती. इतक्या वर्षांनीही लहान मुलांना त्यात तेवढाच रस वाटतो हे घरीच बघायला मिळालं.

एका गोष्टीवर मात्र मी घरात सगळ्यांना निक्षून सांगितलं. "थांब, शाळेत गेलीस की बाई चांगल्या सरळ करतील" हे वाक्य कोणी बोलायचं नाही. पाहुणे, शेजारी, सगळे प्रेमाने आणि सहज बोलून जातात, पण पोराच्या डोक्यात शाळा म्हणजे शिक्षा हे तिथेच बसतं. कोणी बोललंच तर मी तिच्यासमोरच म्हणायचे, नाही हं काका, ताई गाणी म्हणतात, खेळ घेतात. वाईट वाटलं एकदोघांना, पण चालेल.

झोपेची घडी शाळा सुरू व्हायच्या पंधरवडाभर आधीच बसवायला घेतली. २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नका असं सांगितलं, त्याने आमच्यासारख्यांची मोठी सोय झाली. तरी रात्री अकराला झोपणारं पोर सकाळी चिडचिडच करणार, म्हणून साडेनऊला दिवे बंद.

एवढं करूनही सुरुवातीला ती गेटवर रडलीच. रडणारच, आईला सोडून जायचंय तिला. नजर चुकवून सटकायचं नाही हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं, कारण मग मूल दिवसभर दाराकडेच बघत बसतं. "डबा खाऊन झाला, गोष्ट झाली की बाबा येतील" एवढं सांगायचं, टाटा करायचं आणि मागे न बघता निघायचं. किती वाजता ते सांगून त्यांना काही कळत नाही, कशानंतर ते बरोबर कळतं. आणि सांगितलं त्या वेळेला गेटवर हजर म्हणजे हजर, पाऊस असो की ट्रॅफिक, त्यासाठी यांनी ऑफिसची वेळ बदलून घेतली.

घरी आल्यावर आज काय शिकवलं असं विचारलं की "काही नाही" एवढंच येतं. डबा खाताना शेजारी कोण बसलं होतं विचारलं की मात्र थांबत नाही, कोणाच्या डब्यात काय होतं, कोण रडलं, मावशींनी कोणाचे हात धुतले, सगळं येतं.