बॉल पायथन खात नाही? आधी वजनकाटा काढा

बॉल पायथन हा अजगर पाळणाऱ्याला आज ना उद्या हा दिवस दिसतोच. उंदीर नाकासमोर धरला तरी साप मान वळवतो आणि हाईडमध्ये, म्हणजे लपायच्या खोक्यात, जाऊन बसतो. दोन आठवडे जातात, महिना जातो, आणि मालकाचा धीर सुटतो. मग रोज नवा उंदीर, रोज नवी युक्ती. नेमक्या याच धडपडीने उपास लांबतो.

हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. दिवस उंदरांच्या बिळांत नाहीतर वाळवीच्या जुन्या वारुळांत काढायचा आणि अंधारात शिकारीची वाट बघत पडून राहायचं, हे त्याचं आयुष्य. वर्षातले काही महिने काहीच न खाता काढायची त्याच्या शरीराला सवय आहे. अंगाने भरलेला प्रौढ साप तीन-चार महिने जेवला नाही तरी सहसा त्याचं काही बिघडत नाही. 60-70 ग्रॅमच्या पिल्लाला मात्र ही चैन परवडत नाही. त्याने चार-पाच आठवडे तोंड लावलं नाही तर गप्प बसू नये.

म्हणून उपासाचे दिवस मोजण्यापेक्षा ग्रॅम मोजा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर झाकणाचा डबा, डब्यात साप. दर दोन आठवड्यांनी वजन वहीत लिहायचं, शेवटची शी कधी झाली तेही लिहायचं. बऱ्याच दिवसांची शी आणि युरेटचे (सापाच्या घट्ट लघवीचे) पांढरे खडे एकदम बाहेर पडले की मोठ्या सापाचं वजन 40-50 ग्रॅमने सहज उतरतं. ते काही अंग झडणं नव्हे. ते वगळूनही मूळ वजनाच्या 10 टक्के घट दिसली की डॉक्टरकडे न्यायची वेळ झाली. काट्याशिवाय बोटांनीही कळतं: पाठीचा कणा धारेसारखा वर आलेला आणि दोन्ही बाजूंना खळगे दिसत असतील, तर साप खंगला आहे.

वजन टिकून असेल तर मोर्चा टँककडे. माझ्या मते निम्म्याहून जास्त उपासांचं मूळ तिथेच सापडतं. उबदार टोकाला पृष्ठभाग 31 ते 33 अंश, थंड टोकाला 25 ते 27. हे काचेवर चिकटवलेल्या गोल काट्याच्या मापकावर बघू नका, तो हवेचं काहीतरी भलतंच सांगतो. साप जिथे पोट टेकतो तिथे डिजिटल थर्मामीटरचा प्रोब ठेवा किंवा टेंपरेचर गन मारा. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) तापमान आवरणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय लावली तर काच 40 च्या पुढे जाते, सापाचं पोट भाजतं आणि तो थंड टोकाला दडून बसतो. तिथे पचनाला पुरेशी ऊब नसते, मग तो खाईल कशाला?

दुसरी चूक हाईडची. घर ऐसपैस असावं हा आपला हिशेब, सापाचा नव्हे. वेटोळं घातल्यावर अंग तिन्ही बाजूंनी भिंतींना टेकलं पाहिजे, दार एकच आणि लहान. असे दोन सारखे हाईड, एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला. नाहीतर त्याला ऊब किंवा आडोसा यांतलं एकच मिळतं. काचेच्या टँकच्या तीन बाजू पुठ्ठ्याने झाका. आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास ठेवा, कात टाकायच्या दिवसांत 70 च्या वर.

डोळे दुधाळ-निळसर झाले असतील तर कात उतरेपर्यंत खायला देऊच नका. वयात आलेले नर विणीच्या हंगामात आठवडेच्या आठवडे अन्नाला शिवत नाहीत, अंडी धरलेल्या माद्याही तशाच. नवीन घरी आणलेल्या सापाला पहिले सात ते दहा दिवस हात लावायचा नाही. दाखवायला पाहुणे बोलवायचे नाहीत.

आता देण्याची पद्धत. फ्रोजन उंदीर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. देण्याआधी बंद पिशवीत घालून गरम पाण्यात सोडा, 15-20 मिनिटं. पोट दाबून बघायचं. आत गोळा घट्ट लागला तर अजून बर्फ आहे. मायक्रोवेव्ह अजिबात नको, एकीकडे शिजतं, दुसरीकडे फुटतं. शेवटी पिशवीतून काढून कोरडा करा आणि डोक्याकडचा भाग हेअर ड्रायरने 38-40 अंशांपर्यंत आणा. या सापाच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. कोमट, ओला उंदीर त्याच्या लेखी उंदीरच नाही.

खोलीतला दिवा मालवून, 30 सेंटिमीटरच्या चिमट्याने उंदीर कमरेला धरा आणि हाईडच्या दारापासून वीतभर लांब हळूच सरकवा. तोंडावर आपटू नका. चरायला निघालेला उंदीर कधी सापाच्या नाकावर चालून जात नाही. जिभेची लवलव मंद झाली, मान इंग्रजी एससारखी आखडली आणि डोकं स्थिर झालं, की आपणही पुतळा व्हायचं. झडप बसल्यावर चिमटा हलकेच दोनदा हलवून सोडून द्या, म्हणजे तो विळखा आवळतो. डोकं मागे खेचून वेटोळ्यात लपवलं तर तो घाबरला आहे. उंदीर दाराशी ठेवा, टँकवर कापड टाका आणि निघा. सकाळी उरला तर फेकायचा, परत गोठवायचा नाही. पुढचा प्रयत्न सात दिवसांनी, त्याआधी नाही.

आकार सापाच्या सर्वांत जाड भागाइतका. वाढत्या पिल्लाला वजनाच्या 10 ते 15 टक्के, प्रौढाला 5 ते 7 टक्के पुरे. 400 ग्रॅमच्या सापाला 40 ग्रॅमचा उंदीर, 1500 ग्रॅमच्या सापाला 75 ते 100. नकार देणाऱ्याला एक माप लहान देऊन बघा, बऱ्याचदा काम होतं.

माऊसवर, म्हणजे लहान जातीच्या उंदरावर, वाढलेला साप रॅटला, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराला, ओळखतच नाही. रॅट कोमट पाण्याने धुऊन पुसा आणि माऊसच्या वापरलेल्या गवतात घोळवा, किंवा माऊसला घासून वास लावा. तरीही अडलं तर फ्रोजन उंदराच्या कवटीला छोटीशी चीर द्या. किळसवाणं आहे, पण हट्टी साप यावर अनेकदा वळतो. जिवंत उंदीर हा शेवटचा पर्याय, आणि तोही डोळ्यांसमोर. भुकेला रॅट सापाची पाठ हाडापर्यंत कुरतडतो, आणि न खाणारा साप प्रतिकारही करत नाही. तोंडात बळजबरीने कोंबणं घरी करायचंच नाही, ते डॉक्टरचं काम.

श्वासाला शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे, हिरड्यांवर पिवळा चिकट थर किंवा पाण्याच्या भांड्यात बुडालेले काळे ठिपक्याएवढे माइट (रक्त पिणारे बारीक किडे) दिसले, तर वजन कितीही चांगलं असो, वाट बघू नका.

उपास सुटला की आनंदाच्या भरात मोठा उंदीर देऊ नका. पहिला घास नेहमीच्या निम्मा, त्यानंतर 48 तास सापाला उचलायचं नाही. उलटून टाकला तर दोन आठवडे पोटाला पूर्ण विश्रांती, पाणी तेवढं ताजं, उबदार टोकाचं तापमान पुन्हा तपासायचं आणि मग परत निम्म्यापासून सुरुवात. असे तीन घास पचून नीट शी झाली की नेहमीच्या मापावर या.