माउस लेमूरची ओळख आणि आजचं प्रॅक्टिकल

आज संभाजीनगरात पोरांकडून मादागास्करच्या माउस लेमूरचे डीएनए क्रम तपासून घेतले. मुठीत मावणारे हे निशाचर प्राणी दिसायला इतके सारखे, की नुसत्या रंगावरून प्रजात ठरवली तर हमखास फसगत होते.

जेनबँक या डीएनए क्रमांच्या खुल्या ऑनलाइन साठ्यातून सायटोक्रोम बी जनुक घ्यायचं, लांबी १,१४० अक्षरं. हे जनुक मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात असतं, केंद्रकात नाही. क्रम एकाखाली एक जुळवले की लगेच वंशवृक्ष काढायला बसू नका. आधी त्याचं प्रथिन करून बघा, तेही पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा कोड (कुठली तीन अक्षरं म्हणजे प्रथिनाचा कुठला घटक, याचा तक्ता) निवडून. नेहमीचा कोड ठेवला तर टीजीए ही तीन अक्षरं म्हणजे ‘थांबा’ असं वाचलं जातं. इथे ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असतं. आज स्क्रीनवर जागोजागी ‘थांबा’च्या चांदण्या (*) दिसल्या त्या यामुळेच. कोड बदलूनही क्रमाच्या मध्येच चांदणी राहिली, किंवा एखादं अक्षर कमी-जास्त निघालं, तर केंद्रकात जाऊन बसलेली या जनुकाची जुनी नक्कल वाचली गेली असण्याचा दाट संशय घ्या. तो क्रम बाजूला काढा, नाहीतर वृक्षावर खोटी प्रजात उगवते.

शिवाय हे जनुक फक्त आईकडून येतं. संकर झाला असेल तर तो यात दिसतच नाही, केंद्रकातली जनुकंही हवीतच.

आणि नमुने! आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर बीड आणि नांदेडचे घेतले नि मधलं परभणी सोडलं, तसं केलं की एकच प्रजात दोन वाटायला लागते. मधल्या जंगलांतले नमुने नसताना नवी प्रजात जाहीर करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

उद्या केंद्रकातली जनुकं घेऊ. लॅपटॉप घरूनच चार्ज करून आणा, दुपारी लाइट जाते.