पापड स्टुटगार्टला, नंबर फैजपुरात

फैजपूरहून आम्ही नणंद-भावजया उडदाचे पापड, बिबडे आणि काळा मसाला ऑनलाइन विकतो. जर्मनीत आपली बरीच पोरं नोकरीला आहेत, म्हणून वेबसाइटवर भाव युरोतही लावलेत.

तिथंच जीडीपीआर लागू होतो. लोकांची वैयक्तिक माहिती जपणारा युरोपचा हा कायदा २५ मे २०१८ पासून अमलात आहे. वेबसाइट तिकडे नुसती उघडते, एवढ्यानं तो लागत नाही. पण युरोत भाव, घरपोच पार्सल, म्हणजे तिथल्या माणसाला माल विकायचाय हे दिसलं, की दुकान फैजपूरचं असलं तरी त्यात येतं. दंड दोन कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, जे जास्त असेल तिथपर्यंत.

वहिनी म्हणाली, "ताई, आपल्याला कोण धरायला येतंय?" कोणी येणार नाही कदाचित. पण माझं कारण दंड नाहीच.

दिवाळीनंतर स्टुटगार्टच्या एका गिऱ्हाईकानं कळवलं: ऑफरचे मेसेज नकोत, नंबर काढा. जाहिरातीला असा नकार आला की थांबायचंच, कारण विचारायचं नाही. बिल ठेवलं, जीएसटीसाठी ते लागतं. बाकी तो नंबर कुठंकुठं पोचलाय ते शोधत बसलो: व्हॉट्सअ‍ॅपची यादी, कुरिअरची एक्सेल फाईल, पॅकिंगचे कागद. एका पापडाच्या पाकिटामागे माणसाचा पत्ता इतक्या हातांतून जातो!

मग भुसावळच्या काकूंनी तेच म्हटलं तर? त्यांचा मान कमी का? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच सांगितलंय. २०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती भाषेची तरतूद: संमती मागताना ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय द्यायची. मराठी त्यात आहे. (आपली अहिराणी नाही, याचं वाईट वाटतं.)

म्हणून फॉर्मवर आता मराठीत लिहिलंय: "हा नंबर पार्सल पोचवण्यासाठी घेतोय. ऑफर हव्या असतील तरच खालच्या चौकटीत टिक करा." वेबसाइट करणारा भाऊ म्हणत होता, टिक आधीच करून ठेवू, यादी वाढेल. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपच्या न्यायालयानं २०१९ मध्ये दिलाय. चौकट रिकामीच ठेवलीय, भुसावळसाठीसुद्धा.